स्थळप्रत कोठें राहते?

पोस्टाच्या पेटींत टाकलेलें पत्र पुन्हां हातीं येत नाहीं, हें तुम्हांस कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु त्या पत्रांत आपण नेमकें काय लिहिलें होतें, कोणत्या दिवशीं लिहिलें होतें, कोणता आंकडा घातला होता, असें सहा महिन्यांनीं कोणी विचारलें तर तुमच्यापैकीं किती जण खात्रीनें सांगूं शकतील? पत्रलेखनाचे धडे तुम्ही लहान इयत्तांपासून घेतां. मायना, मजकूर, समाप्ति, पत्ता हें सर्व तुम्हांस येतें. पाठविलेल्या पत्राची प्रत ठेवण्याचा धडा मात्र क्रमिक पुस्तकांत क्वचितच आढळतो. तो येथें द्यावा असें आम्ही योजिलें आहे; आणि तो ई-मेलच्या संबंधानें द्यावयाचा आहे, कारण तुमचीं व तुमच्या वडिलांचीं पुष्कळ महत्त्वाचीं पत्रें आतां त्याच मार्गानें जातात.

१. एक जुना शब्द

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या सरकारी कचेरींत बाहेर जाणाऱ्या पत्राची जी प्रत नस्तींत लावून ठेवितात, तिला "स्थळप्रत" असें म्हणतात. पत्र जातें, ही प्रत आपल्या स्थळीं राहते, म्हणून ती स्थळप्रत. गेलेल्या पत्राचा क्रमांक व तारीख जावक नोंदवहींत चढते, आलेल्या पत्राची आवक नोंदवहींत. हें काम जेथें चालतें त्या शाखेस बारनिशी म्हणतात. पालकांपैकीं जे कचेऱ्यांत काम करतात त्यांस हे शब्द नवे नाहींत. जे शेती करतात तेही तहसिलींत अर्ज देतांना दोन प्रती नेतात व एकीवर शिक्का आणि सही घेऊन परततात. तिला ते "पोच" म्हणतात.

स्थळप्रत आणि पोच ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत, हें आरंभींच ध्यानांत ठेवा. आपण काय लिहिलें हें स्थळप्रत सांगते. समोरच्यास तें मिळालें हें पोच सांगते. एकीचें काम दुसरीनें भागत नाहीं.

प्रत ठेवण्याची कळकळ आजची नव्हे. पेशव्यांचें दप्तर जपलें गेलें, म्हणूनच गो. स. सरदेसाई यांस त्यांतील निवडक कागद १९३० पासून पुढच्या कांहीं वर्षांत ४५ खंडांत छापून काढतां आले. उलट जेथें दप्तरें राहिलीं नाहींत, तेथें संशोधकांस गांवोगांव हिंडावें लागलें. वि. का. राजवाडे यांनीं "मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें" ह्या नांवानें जे २२ खंड प्रसिद्ध केले, त्यांतील कागद त्यांनीं घरोघर जाऊन, माळ्यांवरचीं रुमालें सोडवून मिळविले. ज्यानें पत्र लिहिलें त्याच्या घरीं प्रत नसेल, तर तें ज्याला लिहिलें त्याच्या घरीं शोधावें लागतें. ही गोष्ट पुढें पुन्हां उपयोगी पडणार आहे.

हातानें नक्कल करण्याचे श्रम वांचविण्यासाठीं यंत्रेंही निघालीं. इंग्लंडांत जेम्स वॅट यानें १७८० सालीं ओल्या पातळ कागदावर पत्राची शाई उठविणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. १८०६ सालीं राल्फ वेजवुड यानें कार्बनच्या कागदाचें घेतलें. कार्बनचा कागद पुढें टंकलेखन-यंत्राबरोबर सर्व कचेऱ्यांत शिरला. ई-मेलच्या मथळ्यांत "सीसी" अशीं दोन अक्षरें तुम्ही पाहतां, तीं "कार्बन कॉपी" ह्या शब्दांचीं आद्याक्षरें होत. कागद गेला, नांव राहिलें.

२. आमच्या हातून झालेली चूक

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या संगणक-वर्गांत जीं जुनीं यंत्रें आहेत तीं रंगीत खिडक्यांच्या नव्या प्रोग्रॅमांचा भार सोसत नाहींत. म्हणून त्यांवर केवळ अक्षरांनीं चालणारा, माऊसशिवाय वापरावयाचा ई-मेलचा प्रोग्रॅम आम्हीं बसविला होता, आणि मोठ्या मुलांस शाळेच्या सर्व्हरवर एकेक खातें दिलें होतें. आलेलीं पत्रें सर्व्हरवर राहत; तीं कोणत्याही यंत्रावर बसून वाचतां येत. इतकी व्यवस्था झाल्यावर सर्व कांहीं नीट आहे अशी आम्हीं समजूत करून घेतली.

त्या वर्षीं सोयाबीनच्या काढणींत पाऊस आला. खारपाणपट्ट्यांतील एका गांवाहून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची सुडी शेतांतच भिजली. तेव्हांच्या पीकविम्याच्या नियमांप्रमाणें अशा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आंत द्यावी लागे. वडिलांनीं फोन केलाच; शिवाय लेखी कांहीं असावें म्हणून मुलाकडून दुसऱ्याच दिवशीं शाळेंतून ई-मेल लिहविला. गट क्रमांक, क्षेत्र, पेरणीची तारीख, पाऊस आल्याचा दिवस, सर्व मजकूर त्यांत होता. पत्र गेलें. दिवाळीच्या सुटींत आम्हीं तीं यंत्रें साफ करून त्यांवर सर्व नव्यानें बसविलें.

सुटी संपल्यावर ते गृहस्थ शाळेंत आले. सूचना कोणत्या दिवशीं दिली याचा पुरावा त्यांच्याकडे मागितला होता. मुलानें खातें उघडलें. आलेलीं पत्रें जशीच्या तशीं होतीं. पाठविलेल्या पत्रांचा फोल्डर रिकामा होता. वडील बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, पत्र तं आपन धाडलं होतं ना? मंग त्याची नक्कल कुठी गेली?"

ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर होतें, आणि तें सांगतांना आम्हांस लाज वाटली. नक्कल सर्व्हरवर कधीं गेलीच नव्हती. ती त्या एका यंत्राच्या पोटांत पडत होती, आणि तें पोट आम्हींच आपल्या हातांनीं धुऊन काढलें होतें. "भाऊ, चूक आमची आहे," असें आम्हीं त्यांस सांगितलें.

मार्ग मुलालाच आठवला. शेताचे कागद पाहणारे त्याचे मामा अमरावतीस राहतात. पत्र लिहितांना त्यानें त्यांचें नांव सीसींत घातलें होतें. मामांच्या खात्यांत तें पत्र तारीख-वेळेसह सांपडलें, आणि त्याचा कागद घेऊन वडील दुसऱ्या दिवशीं अकोल्यास गेले. लिहिणाराच्या घरीं प्रत नाहीं, ज्याला लिहिलें त्याच्या घरीं सांपडली! इतिहास-संशोधकांचीच ही रीत झाली. परंतु प्रत्येक पत्रास मामा नसतो.

३. पत्र जातें, तेव्हां काय होतें?

आतां ही चूक कां झाली तें पाहूं. ई-मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर कसा न्यावा याचे नियम "एस्-एम्-टी-पी" ह्या नांवानें ओळखले जातात. जॉन पोस्टेल यांनीं ते १९८२ सालीं लिहून काढले. पाठविणारा कोण, घेणारा कोण, मजकूर काय, एवढेंच हे नियम विचारतात. पाठविणारानें स्वतःसाठीं प्रत ठेवली किंवा नाहीं, हें ते विचारीत नाहींत; डाकियाही विचारीत नाहीं. म्हणून प्रत ठेवणें हें पत्र पाठविण्याहून अगदीं वेगळें, दुसरें काम आहे. तें बहुधा पाठविणाऱ्याचा प्रोग्रॅम करतो, आणि आपण जेथें सांगूं तेथें करतो. आपण कांहींच न सांगितलें तर तो स्वतःच्या सोयीची जागा घेतो.

सर्व्हरवरील फोल्डर दुरून पाहण्याची जी पद्धति आहे तिला "आय्-मॅप" म्हणतात. ती मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ च्या सुमारास काढली. पाठविलेल्या पत्राची प्रत सर्व्हरवर ठेवावयाची तर प्रोग्रॅम ह्याच पद्धतीनें ती तेथें चढवितो. म्हणजे एकच पत्र आपल्या यंत्रांतून दोनदां बाहेर पडतें: एकदां घेणाराकडे, एकदां आपल्याच फोल्डरकडे. मोठें छायाचित्र जोडलें असेल व तार मंद असेल, तर हा दुप्पट वेळ जाणवतो. तथापि तो वेळ वायां जात नाहीं.

४. दोन प्रोग्रॅम व त्यांची मांडणी

अक्षरी प्रोग्रॅमांत दोन नांवें प्रसिद्ध आहेत. पहिला "पाईन". हा अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठांत १९८९ सालीं सुरू झाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सामान्य लोकांस इंटरनेट खुलें केलें, तेव्हां ज्यांनीं अक्षरी खातीं घेतलीं त्यांतील पुष्कळांनीं आपला पहिला ई-मेल ह्याच प्रोग्रॅमांत लिहिला. २००७ पासून त्याची जागा "अल्पाईन" यानें घेतली. दुसरा प्रोग्रॅम "मट". तो मायकेल एल्किन्स यांनीं १९९५ सालीं लिहिला.

अल्पाईनमध्यें स्थळप्रतीला "एफ्-सी-सी", म्हणजे फाईल कार्बन कॉपी, असें नांव आहे. मुख्य यादींतून प्रथम "सेटअप" व मग "कॉन्फिग" उघडा. तेथें "डिफॉल्ट एफ्-सी-सी" अशी ओळ दिसेल. आपण कांहीं न भरल्यास प्रोग्रॅम "सेंट-मेल" नांवाचा फोल्डर धरतो. (मिशन-शाळेंतील मुलांनीं गोंधळूं नये, येथें सेंट म्हणजे संत नव्हे, पाठविलेलें.) हें नुसतें नांव आहे, पूर्ण पत्ता नव्हे. नुसतें नांव दिलें तर तो फोल्डर आपल्या फोल्डरांच्या पहिल्या समूहांत धरला जातो, आणि आपण मुद्दाम बदललें नसेल तर हा पहिला समूह यंत्रावरच असतो. आमची चूक नेमकी येथें झाली. येणाऱ्या पत्रांचा पत्ता आम्हीं सर्व्हरचा दिला. जाणाऱ्या पत्रांची ओळ पाहिलीच नाहीं. उपाय असा: त्या ओळींत महिरपी कंसांत सर्व्हरचें नांव व त्यापुढें सर्व्हरवरील फोल्डरचें नांव लिहावें. ओळींत केवळ दोन रिकामीं दुहेरी अवतरणचिन्हें घातलीं तर प्रत ठेवणें अजिबात बंद होतें. तेव्हां तीं चुकून घालूं नयेत.

अल्पाईनमध्यें आणखी दोन सोयी आहेत. पत्त्यांच्या वहींत प्रत्येक नांवापुढें निराळा एफ्-सी-सी लिहितां येतो. विमा, बँक व शाळा यांस पाठविलेलीं पत्रें मग आपआपल्या नस्तींत जाऊन बसतात. तसेंच महिना पालटला म्हणजे हा प्रोग्रॅम गेल्या महिन्याच्या सेंट-मेलला महिन्याचें नांव देऊन बाजूस ठेवावें काय, व जुने महिने पुसावेत काय, असें विचारतो. पहिल्या प्रश्नास "होय" म्हणण्यास हरकत नाहीं. दुसऱ्यास उत्तर देण्यापूर्वीं थांबून वाचा.

मटची रीत वेगळी आहे. त्याच्या मांडणीची एक फाईल आपल्या मूळ फोल्डरांत असते व तींत एकेक ओळ स्वतः लिहावी लागते. तीन शब्द ध्यानांत ठेवले म्हणजे पुरे: "फोल्डर", "रेकॉर्ड" व "कॉपी". "फोल्डर" पुढें सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्यावा. "रेकॉर्ड" पुढें स्थळप्रतीच्या फोल्डरचें नांव द्यावें. त्या नांवाआधीं समतेचें चिन्ह लिहिलें कीं वरील पत्ता आपोआप त्यास जोडला जातो. "रेकॉर्ड" ची ओळ लिहिलीच नाहीं, तर हल्लींच्या मटमध्यें प्रती यंत्रावरील "सेंट" नांवाच्या फाईलींत पडतात. "कॉपी" हा शब्द प्रत ठेवावी, ठेवूं नये, कीं दर वेळीं विचारावें, हें ठरवितो. निरनिराळ्या लोकांच्या पत्रांसाठीं निरनिराळे फोल्डर नेमावयाचे असल्यास "एफ्-सी-सी-हुक" नांवाची ओळ लिहितां येते.

५. तीन खड्डे

मांडणी करतांना तीन ठिकाणीं पाय घसरतो.

पहिलें, नांवांचा घोळ. एका प्रोग्रॅमांत फोल्डराचें नांव "सेंट", दुसऱ्यांत "सेंट-मेल", तिसऱ्यांत "सेंट आयटम्स". मुलगा शाळेंत एका प्रोग्रॅमांतून लिहितो, घरीं फोनवरून लिहितो, आणि प्रती तीन फोल्डरांत विखुरतात. हा घोळ टळावा म्हणून सर्व्हरनें आपल्या फोल्डरवर "हा पाठविलेल्यांचा" अशी खूण लावण्याची सोय २०११ सालीं नियमांत झाली. परंतु आपला प्रोग्रॅम ती खूण वाचीलच असें धरून चालूं नये. आधीं सर्व्हरवरील फोल्डरांची यादी उघडा, तेथें जें नांव असेल तेंच अक्षरशः मांडणींत लिहा. लहान व मोठीं इंग्रजी अक्षरेंही तशींच ठेवा.

दुसरें, दुहेरी प्रती. जीमेलसारख्या सेवेंत तिच्याच सर्व्हरवरून पत्र पाठविलें तर ती सेवा स्वतःच एक प्रत ठेविते. तेथें आपल्या प्रोग्रॅमानेंही ठेवली तर एकाच पत्राच्या दोन प्रती होतात. अशा खात्यापुरती मटमधील "कॉपी" बंद ठेवावी. शाळेच्या खात्याला मात्र हा नियम लावूं नका.

तिसरें, घाई. कधीं पत्र जातें, पण प्रत चढवितांना तार तुटते. तेव्हां पडद्यावर प्रत ठेवतां न आल्याची सूचना येते. पुष्कळ जण ती न वाचतांच पत्र दुसऱ्यांदा पाठवितात, आणि कचेरींत एकाच अर्जाचीं दोन पत्रें पोंचतात. सूचना शांतपणें वाचा. पत्र गेलें असेल तर केवळ प्रतीचा प्रयत्न पुन्हां करा, किंवा तेवढ्यापुरती ती यंत्रावर ठेवून मागून सर्व्हरवर हलवा.

६. मग जागा कोणती?

प्रत यंत्रावर ठेवण्यांतही कांहीं गुण आहेत. तार नसतांना ती वाचतां येते, आणि सर्व्हरवरची जागा भरत नाहीं. स्वतःच्या घरीं स्वतःचेंच यंत्र असेल व त्याची नक्कल दुसऱ्या ठिकाणीं नियमानें काढली जात असेल, तर ती जागा वाईट म्हणतां येणार नाहीं. परंतु शाळेंतील, सायबर-कॅफेंतील किंवा शेजाऱ्याचें यंत्र हें आपलें घर नव्हे. तेथें राहिलेली प्रत आपल्या आधीं दुसरा वाचील, आणि आपल्याला हवी असेल तेव्हां ती असेलच असें नाहीं. म्हणून अनेकांच्या हातांखालच्या यंत्रावर प्रत सर्व्हरवरच जावी, असा आमचा आतां नियम आहे. विमा, शिष्यवृत्ति, प्रवेश, सातबारा, निवृत्तिवेतन यांसंबंधीचें पत्र असेल तर त्याचा एक छापील कागद घरच्या फाईलींतही लावावा.

मांडणी बरोबर झाली कीं नाहीं, हें तर्कानें ठरवूं नका, पाहून ठरवा. स्वतःलाच एक लहानसें पत्र पाठवा. आलेल्या पत्रांत एक व पाठविलेल्यांत एक, अशा दोन प्रती दिसल्या पाहिजेत. एवढ्यावर थांबूं नका. दुसऱ्या यंत्रावर जाऊन तेंच खातें उघडा. तेथेंही पाठविलेलें पत्र दिसलें, तर स्थळप्रत सर्व्हरवर आहे. दिसलें नाहीं, तर ती पहिल्या यंत्राच्या पोटांत आहे. ही परीक्षा पांच मिनिटांची आहे. आम्हीं ती केली असती, तर त्या शेतकऱ्यास अकोल्याची एक खेप व बरीच काळजी वांचली असती.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाकडून एखादें महत्त्वाचें पत्र पाठवाल, तेव्हां "गेलें का?" एवढेंच विचारूं नका, "प्रत दाखव" असेंही म्हणा. तारीख, वेळ व मजकूर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहा. नंतर उत्तराची वाट पाहा, कारण स्थळप्रत म्हणजे पोच नव्हे. आठ-दहा दिवसांत उत्तर आलें नाहीं, तर तीच प्रत जोडून दुसरें पत्र लिहवा.

त्या दिवाळीनंतर आमच्या वर्गांतील प्रत्येक यंत्राची ती एक ओळ आम्हीं बदलली. ज्या मुलाच्या वडिलांची अडचण झाली होती, त्यानेंच फळ्यासमोर उभें राहून ती कशी बदलावी हें इतरांस दाखविलें. आतां नवा वर्ग आला कीं पहिल्या तासाला हा धडा तोच पाठ म्हणून घेतला जातो; पत्र लिहिणें त्याच्या मागून.

अभ्यास

१. स्थळप्रत व पोच यांतील भेद तुमच्या घरांतील एका उदाहरणानें सांगा.
२. येणारीं पत्रें सर्व्हरवर असूनही पाठविलेलीं पत्रें नाहींशीं कां झालीं?
३. सर्व्हरवर प्रत ठेवतांना पत्र यंत्रांतून दोनदां कां बाहेर पडतें?
४. स्वतःच्या खात्याची वर सांगितलेली परीक्षा करा, व काय दिसलें तें पांच ओळींत लिहून आणा. त्या लेखाची एक प्रत आपणांपाशीं ठेवावयास विसरूं नका.